चष्म्यावर कोण बसलं होतं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे सहसा कुणी निरखून बघत नाही. लिफ्ट अडकली की लोक त्याच्या नावानं खडे फोडतात, आणि ती सुरू होईपर्यंत तो जिन्यानं उतरून पुढच्या इमारतीकडे निघालेला असतो. या मिस्त्रीला ते पथ्यावरच पडायचं. लहानपणी तो चांगला बडबड्या होता असं त्याची बहीण सांगते, पण विशीत तो या धंद्यात शिरला आणि लिफ्टच्या शाफ्टनं त्याला गप्प केलं. त्या अंधाऱ्या विहिरीत एक जण वर असतो, एक जण खाली. आवाज भिंतींवर आपटून फाटतो, लांबलचक वाक्य धड पोहोचत नाही. म्हणून बोलायचं ते एवढंच: वर, खाली, थांब. पुढे पुढे शाफ्टबाहेरही त्याचं तेवढ्यावरच भागायला लागलं. कंपनीतली माणसं त्याला 'तीनशब्दे' म्हणायची. नव्या साहेबाला ते त्याचं आडनावच वाटलं होतं, आणि हजेरीपटावर ते तसंच चढलं. मिस्त्रीनं ते दुरुस्त करून घेतलं नाही.

एकदा लग्नाची बोलणी झाली होती. मुलीकडच्यांनी नकार कळवला, त्यानंही फार ताणून धरलं नाही. आईवडिलांबरोबर चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो राहत आला.

वडील म्हणजे याच्या अगदी उलटं टोक. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी जादाचा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. क्लच सावकाश सोडा, आरशात बघा, समोर बघा, माझ्याकडे कशाला बघताय. ही सवय घरातही सुटली नव्हती. बायको पातेलं उतरवायला लागली की खुर्चीतून आवाज यायचा, "वळणावर हळू." ती म्हणायची, "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून बसा, पातेलं मी बघते." या दोघांच्या मध्ये मुलगा गप्प बसायचा आणि घर व्यवस्थित चालायचं.

मग आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येईल, पण या वयात खात्री देता येणार नाही. आई म्हणाली, नको. वडिलांनी डॉक्टरांना तसं सांगितलं. महिन्याच्या आत ती गेली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्या वेळी तिघं होते: वडील, मुलगा आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा. बहीण खाली औषधांच्या काउंटरवर परत करायची इंजेक्शनं घेऊन उभी होती. नर्स आत गेली, दार लागलं, आणि मिस्त्री वडिलांना म्हणाला, "तुम्हीच मारलंत तिला."

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, "आजपासून माझ्याशी बोलायचं नाही."

"नाही बोलत," मिस्त्री म्हणाला.

असली वाक्यं पुष्कळ घरांत म्हटली जातात आणि आठवड्याभरात विरून जातात. इथे दोघंही शब्दाचे पक्के निघाले. आधी तेरा दिवस गेले, मग वर्ष गेलं, आणि मग बोलायचं कसं तेच दोघांना सुचेना.

मिस्त्रीनं घर का सोडलं नाही, हे त्याला बहिणीनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपतात." वडिलांना तिनं विचारलं, तुम्ही त्याला जा का म्हणत नाही. ते म्हणाले, "कामावरून आल्यावर त्याला गरम जेवण कोण देणार?" आणि हे खरं होतं. रोज संध्याकाळी झाकून ठेवलेलं जेवण ओट्यावर असायचं, आणि गोळ्यांची नवी पट्टी जुनी संपायच्या आत वडिलांच्या उशाशी असायची. दोघं एकमेकांची काळजी घ्यायचे, फक्त तोंडाला कुलूप लावून.

त्या पहिल्याच हिवाळ्यात बाल्कनीतून एक करडी मांजर आत आली आणि राहिली. तिच्याशी बोलायला सुरुवात केली ती वडिलांनी. एके सकाळी, बहीण आलेली असताना, मिस्त्री आंघोळ करून बाहेर आला तेव्हा वडील मांजरीला म्हणाले, "काय गं, गिझर बंद करायचा असतो हे लोकांना कळत नाही का?" मिस्त्रीनं जाऊन गिझर बंद केला आणि मांजरीला म्हणाला, "लोक विसरतात कधीकधी." तिथून ती वहिवाट पडली. लाइट बिल, नळाची गळती, कुणाच्या घरी कोण आजारी, सगळं मांजरीमार्फत. मांजर गावभर हिंडायला गेली असेल तर तिच्या रिकाम्या वाडग्याकडे बघून बोलायचे. नवख्या माणसाला हे बघून हसू आलं असतं, पण नवखं माणूस त्या घरात येत नव्हतं.

येत होती ती बहीण. ती लेखक होती. मोठ्या माणसांसाठीची एक कार्टून मालिका आहे, मुलं झोपल्यावर लागते ती, तिच्या लेखकांच्या चमूत ती काम करायची. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर राहणारं एक चित्रातलं कुटुंब. सिनेमाच्या तिकिटबारीवर काम करणारा ढोल्या बाप, भांडणात कधी न हरणारी बायको, बेकार बसून जगाला शहाणपण शिकवणारा मुलगा. शिव्या असायच्या, चावट विनोद असायचे, प्रत्येक भागात काहीतरी जळायचं किंवा फुटायचं. वडील लोकांना सांगायचे, "मुलीला चित्रांच्या तोंडी शिव्या घालायचा पगार मिळतो." सांगताना नाक मुरडायचे, पण सांगायचे मात्र सगळ्यांना.

ती आली की आधी बाहेरच्या खोलीत वडिलांपाशी बसायची. ते म्हणायचे, "त्याला सांग, खोकला अंगावर काढू नकोस म्हणावं." मग ती आत ओट्यापाशी भावाजवळ उभी राहायची. तो म्हणायचा, "त्यांना सांग, रात्री सोफ्यावर झोपू नका, मान आखडते." निरोप पोहोचवून ती घरी जायची. खूप वर्षं तिनं हे काम बिनतक्रार केलं.

मग त्या मालिकेत एक वेगळाच भाग आला. मिस्त्रीनं तो पहिल्यांदा पाहिला एका ऑफिस इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये. जेवणाची वेळ होती. त्याच्या जोडीदारानं मोबाइल कंट्रोल पॅनेलच्या दाराला टेकवून ठेवला होता आणि डबा खाता खाता मालिका बघत होता. मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. मग मोबाइलमधून आवाज आला, "काय गं, गिझर बंद करायचा असतो हे लोकांना कळत नाही का?"

त्यानं मान वर केली. पडद्यावर ढोल्या बाप एका मांजरीशी बोलत होता. पलीकडे टॉवेल गुंडाळून उभा असलेला मुलगा मांजरीला म्हणाला, "लोक विसरतात कधीकधी."

बायको माहेरी गेल्यावर बापलेकांत अबोला पडतो, अशी त्या भागाची गोष्ट होती. कारण काय, तर मुलगा बापाच्या चष्म्यावर बसतो. चष्म्याचा चुराडा होतो आणि बाप म्हणतो, आजपासून माझ्याशी बोलायचं नाही. मग सगळं मांजरीमार्फत सुरू होतं. मांजर आधी निमूट ऐकते. मग निरोप लक्षात ठेवायला चिठ्ठ्या लिहिते. मग तिचे केस गळायला लागतात. प्राण्यांचा डॉक्टर सांगतो, हिला दोन माणसांचा संसार झालाय. शेवटी मांजर बॅग भरून, गळ्यात मफलर घालून दारात उभी राहते आणि दोघांना सांगते, "मी चाललेय. माझं स्वतःचं काही म्हणणं आहे का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत." ती गेल्यावर बाप आणि मुलगा समोरासमोर उभे राहतात. बराच वेळ काही होत नाही. मग पुढच्या दृश्यात टेबलावर काचेचं भांडं असतं, त्यात एक मासा, आणि बाप माशाला म्हणतो, "त्याला सांग, जेवण झालंय."

जोडीदार ठसका लागेपर्यंत हसला. मिस्त्री घास हातात धरून बसला होता. मांजरीचा आवाज त्यानं पहिल्याच वाक्याला ओळखला होता. बारा महिने सर्दी झाल्यासारखा, जरासा नाकातून येणारा. तो त्याच्या बहिणीचा होता.

"अशी माणसं असतात का कुठे?" जोडीदार डोळे पुसत म्हणाला.

"असतात," मिस्त्री म्हणाला. त्यावर जोडीदाराला पुन्हा हसू फुटलं.

दुपारी त्यानं नेहमीसारखं काम केलं. दोर तपासले, ब्रेकला हवा तेवढा ताण दिला, सही घेतली. राग आलाय की नाही हे त्याचं त्यालाच नीट कळत नव्हतं. आपल्या घरातलं वाक्य परक्या माणसांना हसवतंय, एवढंच डोक्यात घोळत होतं. आणि एक काळजी होती, की वडिलांनी हे पाहिलं तर काय होईल. घरी जाताना त्यानं बस सोडली आणि चालत गेला.

वडिलांनी पाहिलं होतं. मुलीनं सकाळी फोन करून सांगितलं होतं, बाबा, हा भाग मी एकटीनं लिहिलाय, बघा. त्यांनी तो टीव्हीवर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला होता, आणि मग पुन्हा एकदा बघितला होता.

मिस्त्री आत आला तेव्हा ते जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसले होते. समोर त्यांचा चष्मा काढून ठेवलेला होता.

"चष्म्यावर कोण बसलं होतं?" वडील म्हणाले.

मिस्त्रीनं सवयीनं खिडकीकडे पाहिलं. मांजर तिथे झोपली होती.

"तिला नाही विचारत. तुला विचारतोय."

पायातला बूट मिस्त्रीनं अर्धाच काढला होता. तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "कुणीच नाही."

"मग ही पोरगी जगाला काय सांगते आहे? चष्म्यासाठी मी पोटच्या पोराशी बोलणं टाकलं? इतका हलका माणूस आहे का मी?"

"आपण आहोत ते, असं कुणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना. तुला माहीत आहे. आपण काय चष्म्यावरून..." वाक्य पुढे गेलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गाडी त्या वळणाशी आली होती आणि वडिलांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तिला फोन लाव."

मिस्त्रीनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बहिणीनं विचारलं, "दादा, बाबा कसे आहेत?" वडील म्हणाले, "मी इथेच आहे." मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच फोनवर आहात?"

"रविवारी ये," वडील म्हणाले. "मला जाब हवा आहे."

रविवारी ती आली. वडिलांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर दोघं सोफ्यावर बसले. त्या सोफ्यावर ते शेजारीशेजारी बसलेले तिनं कित्येक वर्षांत पाहिले नव्हते, आणि तिला तेवढ्यानंच भरून आलं. पण वडील भलतेच कडक होते.

"चष्मा कुठून आणलास?"

"खरं कारण लिहिलं होतं, बाबा. पहिल्या खर्ड्यात. आमच्याकडे सगळे जण गोल बसून वाचन करतात. कॉरिडॉरचा प्रसंग आला आणि कुणी काही बोलेनाच. मग आमचे मुख्य लेखक म्हणाले, हे फार चांगलं आहे, पण याच्यावर माणूस हसणार नाही. मग मी त्या जागी चष्मा घातला."

"मग लिहायचंच कशाला?"

"कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. तुम्ही दोघं मरेपर्यंत असेच राहणार असं वाटलं. समजावून झालं, रडून झालं. विनोद तेवढा करायचा राहिला होता."

मिस्त्रीनं खिडकीतल्या मांजरीकडे बोट केलं. तो म्हणाला, "आमच्या मांजरीला तरी मध्ये आणायचं नव्हतं."

बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं. "दादा, ती तुमची मांजर वाटली तुला? त्याला सांग, त्यांना सांग, हे मी किती वर्षं करतेय? आई माझीही गेली होती. मी खाली काउंटरवर इंजेक्शनं परत करत होते. वर आले तर आई नव्हती आणि तुमचं भांडण होतं. मला कुणी विचारलं, तुझं काय?"

ती रडली नाही. उठून आत गेली, पाणी प्यायली आणि तिनं वाटेत आणलेला केक कापायला घेतला. दोघं बापलेक सोफ्यावर बसून राहिले. जाताना वडिलांनी तिला विचारलं, "तुझा खोकला कसा आहे?" तिला खोकला नव्हताच, सर्दी होती, पण ती म्हणाली, बरा आहे. मिस्त्री तिला सोडायला खालपर्यंत गेला. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "पुढच्या वेळी तुझं सांग." ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही दोघं माझ्याकडे या."

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं, पण ते काही गोड बोलणं नव्हतं. साठलेलं होतं ना. दाराची कडी कोण लावत नाही, वर्तमानपत्र कोण दुमडून ठेवत नाही, सगळं नव्यानं निघालं. मिस्त्रीला कधीकधी जुनी शांतता बरी वाटायची. आणि मग एका संध्याकाळी, भाजी निवडताना, वडील मध्येच म्हणाले, "तिनंच नको म्हटलं होतं."

"मला माहीत होतं ते," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही तिला समजवायला हवं होतं."

"समजावलं. दोन दिवस समजावलं. शेवटी ती म्हणाली, आता पुरे, मला दमायला होतं."

"मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. तू एकदम निकाल दिलास. आणि तोही तिच्या भावासमोर." वडिलांनी निवडलेली भाजी एका बाजूला सारली. "मला तू म्हणालास त्याचं तितकं नाही. रागात माणूस बोलतो. पण त्याच्यासमोर म्हणालास. त्यानंतर त्याच्या घरची पायरी मी चढलेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? बहिणीला मारलं म्हणून ज्याच्या कानावर गेलंय, त्याच्या घरी?"

हे मिस्त्रीला नवीन होतं. मामा येईनासा झाला, वडील जाईनासे झाले, हे त्याला दिसत होतं, पण आई गेल्यावर माहेरचे धागे सुटतात तसे ते सुटले असतील असं तो धरून चालला होता. त्यानं निवडलेली भाजी धुवायला घेतली. पण लोकांसमोर बोललेलं लोकांसमोरच मागे घ्यायला हवं, एवढं त्याला पटलं. त्यानं एक दिवसाची सुट्टी टाकली. कंपनीत कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "मामाकडे जायचंय," आणि हे तीन शब्दही नव्हते, दोनच होते.

मामाचं कुलुपं-किल्ल्यांचं दुकान होतं. भाच्याला बघून तो काउंटरच्या बाहेर आला, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. बहिणीची आठवण काढली. मिस्त्रीनं चहा संपेपर्यंत दम धरला आणि मग उभा राहून, शाळेत पाठांतर म्हणतात तसं, सांगून टाकलं: "मामा, आई गेली त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी बाबांना म्हणालो होतो की तुम्ही मारलंत तिला. ते खोटं होतं. आईनंच नको म्हटलं होतं. बाबांनी तिला खूप समजावलं. ते मी तुमच्यासमोर बोललो, म्हणून तुमच्यासमोर परत घेतो."

मामानं डोळ्यावरची भिंगं वर सरकवली. "कधी म्हणालास असं?"

"नर्स आत गेली तेव्हा. तुम्ही शेजारीच होतात."

"मी?" मामा आठवायला लागला. "अरे, मी तेव्हा तुझ्या मामीला फोनवर कळवत होतो. तिनं पलीकडे असा टाहो फोडला की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. तू काही बोललास हेच मला आता कळतंय."

"मग तुम्ही आमच्याकडे येणं का सोडलंत?"

"तुझे बाबा माझ्याकडे नजर वर करून बघेनात. दोनदा घरी आलो, दोन्ही वेळा तोंड फिरवून बसले. मला वाटलं, त्यांनाच मी नकोसा झालो. ताईमुळे मी येत होतो, ताई नाही तर कशाला भार व्हा."

मिस्त्री स्टुलावर पुन्हा बसला. मामानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आणखी एक चहा सांगितला. गिऱ्हाईक आलं, किल्ली कापायच्या यंत्राचा कर्कश आवाज सुरू झाला, तेवढ्यात त्यानं डोळे पुसून घेतले.

घरी आल्यावर त्यानं वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. वडील ऐकत राहिले. मध्येच त्यांनी विचारलं, "ऐकलंच नाही?"

"नाही."

"एक शब्द पण नाही?"

"मामीच्या रडण्यात त्यांना काही ऐकू आलं नाही."

वडील खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत बसले. इतकी वर्षं ज्या घरावरून जायचं टाळण्यासाठी ते मुद्दाम लांबच्या रस्त्यानं पेन्शन आणायला जात होते, त्या घरात त्यांच्याविषयी कुणी वाईट विचार केलेलाच नव्हता. यावर हसावं की चिडावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर ठरेना. शेवटी म्हणाले, "मग तू ते कुणासमोर म्हणालास?"

"फक्त तुमच्यासमोर."

"हं."

"तर तुमच्यासमोरच मागे घेतो," मिस्त्री म्हणाला. "ते म्हणायला नको होतं."

वडिलांनी मान हलवली. "मीही तुला एवढं तोडून बोलायला नको होतं. रागात म्हणालो. मला वाटलं होतं, संध्याकाळी तू येऊन भांडशील. तू खरंच गप्प बसलास."

"तुम्हीच म्हणालात ना, बोलायचं नाही."

"नेमकं तेवढंच ऐकायचं होतं होय माझं," वडील म्हणाले आणि जेवण वाढायला उठले.

पुढच्या महिन्यात वडील मामाकडे जाऊन आले. ठेवणीतले कपडे इस्त्री करून, मिस्त्रीला बरोबर घेऊन. तिथे मामीनं टीव्हीवर नेमका तोच भाग लावला, भाचीनं लिहिलाय म्हणून कौतुकानं. चौघं बसून बघू लागले. चष्म्याचा चुराडा झाला तेव्हा मामा खो खो हसला. वडील आधी गंभीर राहिले. मग ढोल्या बाप माशाला निरोप सांगायला लागला आणि त्यांच्या तोंडून हसू निसटलं. मिस्त्रीनं ते पाहिलं.

बहिणीच्या मुख्य लेखकांना त्या बापलेकांचा दुसरा भाग हवा होता. ती विचारायला आली तेव्हा वडील म्हणाले, लिही, पण या वेळी मुलीच्या बाजूनं लिही. तिनं तसा लिहिला. तो फारसा चालला नाही. लोकांना पहिला जास्त आवडला होता. तिला त्याचं वाईट वाटलं, पण ती म्हणाली, माझं लिहून झालं, एवढं पुरे.

मिस्त्री अजूनही कामावर तीनच शब्द बोलतो. घरी थोडे अधिक. आता महिन्यातून एकदा तिघं बहिणीच्या घरी जमतात, आणि तिथे वडील तिला भांडी कशी रचावी ते खुर्चीत बसून सांगतात, आणि ती त्यांचं अजिबात ऐकत नाही.